वाचायला बसलेलं घर

मार्च आला की काळेवाडीत आधी डास येतात आणि मग परीक्षा. पवना नदीच्या पाण्यावर जलपर्णीची हिरवी गादी पसरते, संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि बंद खिडक्यांच्या आत प्रत्येक घरात कुणीतरी मोठ्याने पाढे म्हणत असतं. आमची इमारत लांबट आहे. एका टोकाच्या खोलीत सुरू झालेला सतराचा पाढा दुसऱ्या टोकाच्या खोलीत पुरा होतो. चाकणला कंपनीतही हाच महिना घाईचा. वर्षअखेरचा माल जायचा असतो, ओव्हरटाइमची यादी फळ्यावर लागते आणि पंख्याखाली उभं राहूनही हातमोज्यांत घाम येतो. बसच्या थांब्यावर एक कडुलिंब आहे. मार्चच्या मध्यावर तो मोहरतो. परवा सकाळी बसची वाट बघताना त्याचा कडसर गोड वास नाकात गेला आणि गेल्या वर्षीचा अख्खा मार्च महिना अंगावर आला.

त्या मार्चमध्ये आमच्या घरात दोन परीक्षा होत्या. एक ईश्वरीची, चौथीची. दुसरी माझी.

ईश्वरी आमची एकुलती एक मुलगी. तिचे बाबा, म्हणजे संतोष, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर असतात. मी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत. लग्नानंतर अहमदपूरकडून इथे आलो त्याला बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी एक आठवडा पहिल्या पाळीत, एक आठवडा दुसऱ्या पाळीत असायची. पहिल्या पाळीचा आठवडा बरा जायचा. दुपारी साडेचारला घरी, संध्याकाळ सगळी हातात. दुसऱ्या पाळीत मात्र ईश्वरी साडेबाराला शाळेतून यायची आणि दोनला माझी बस यायची. त्या दीड तासात तिला जेवू घालायचं, तिचं ऐकायचं, माझा डबा भरायचा. मग ती शेजारच्या काकूंकडे आणि मी बसमध्ये. संतोष साडेसहाला आल्यावर तिला घरी घेऊन येत. तिच्या वाट्याला आम्ही दोघं अशी पाळीपाळीने यायचो, आणि आलो तरी अर्धे फोनमध्ये. हे मी आज सरळ म्हणते आहे. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर भांडले असते.

फेब्रुवारी संपता संपता तिच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतलं. बाई मध्यमवयीन, फार न बोलणाऱ्या. त्यांनी पुस्तक उघडून ईश्वरीपुढे ठेवलं आणि वाच म्हणाल्या. तिने खणखणीत आवाजात वाचलं, "सकाळी आजोबा बागेत गेले आणि फुलं घेऊन आले." मला वाटलं, छानच वाचते की. बाईंनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. तिथे लिहिलं होतं, सकाळी आजोबा बाजारात गेले आणि फावडं घेऊन आले.

बाईंनी ईश्वरीला बाहेर खेळायला पाठवलं. मुलगी हुशार आहे, असं त्या म्हणाल्या. शब्दाचं पहिलं अक्षर बघते आणि बाकीचं मनाने लावते. हुशार असल्यामुळे बऱ्याचदा बरोबर लागतं, म्हणून आजवर लक्षात आलं नाही. पाचवीत धडे मोठे होतील, तेव्हा अडेल. मग त्यांनी विचारलं, "घरी कुणी वाचतं का?"

मी म्हटलं, "वाचतो की सगळेच. मोबाइलवर."

त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. नुसतं बरं म्हणाल्या. ते बरं मला चांगलंच लागलं.

त्याच आठवड्यात कंपनीत माझ्या हातून चूक झाली. आमच्या प्रत्येकीच्या डोक्यावर एक शीट टांगलेली असते. कुठली वायर कनेक्टरच्या कुठल्या घरात जायची, कुठल्या क्रमाने, सगळं त्यावर मराठीत लिहिलेलं. काही बदललं की नवी शीट येते, ती वाचायची, खाली सही करायची आणि काम सुरू करायचं. त्या दिवशी नवी शीट आली. मी वरची ओळ वाचली, बाकी नेहमीचंच असणार असं धरलं आणि सही ठोकली. सातव्या ओळीत हिरव्या आणि पिवळ्या वायरची घरं बदललेली होती. तीन तास मी चुकीचं काम केलं, अगदी मन लावून. शेवटी तपासणीच्या टेबलावर ते सापडलं. माझ्यासकट चार जणींना बसून सगळं उकलून पुन्हा जोडावं लागलं. सुपरवायझर कदम सर आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वाचून सही केली होती ना?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं आणि ते त्यांना कळलं.

परतीच्या बसमध्ये मोशीच्या चौकात नेहमीसारखे अडकलो होतो. पुढे ट्रकच ट्रक. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि एकदम लक्षात आलं, की ईश्वरीचं आणि माझं दुखणं एकच आहे. आजोबा बागेत गेले आणि फुलं घेऊन आले. मीही तेच केलं होतं. पहिलं अक्षर बघितलं, बाकी मनाने लावलं. नवल म्हणजे, मी लहानपणी वाचणारी मुलगी होते. किराण्याच्या पुडीचा कागद सरळ करून वाचायची, वाचून झाल्यावर मागची बाजू वाचायची. ती मुलगी कुठे गेली, हे मला सांगता येईना. ती एका दिवसात गेली नव्हती. फोनवर बोट वर सरकवत, प्रत्येक गोष्टीची वरची ओळ तेवढी बघत, ती हळूहळू पातळ झाली होती.

आणि मग फळ्यावर ती नोटीस लागली. नव्या मुलींना शिकवायला कंपनीला एक ट्रेनर हवी होती. लाइनवरच्या बायकांमधूनच घेणार, लेखी परीक्षा घेऊन. साठ पानांचं पुस्तक वाचायचं, तीन आठवड्यांनी पेपर. ट्रेनरला जनरल शिफ्ट. म्हणजे रोज सकाळी जायचं, रोज साडेसहाला घरी. ती ओळ मी मात्र नीट, शेवटपर्यंत वाचली. नाव दिलं. नाव देताना कदम सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि नाव लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी ते पुस्तक घेऊन पलंगावर बसले. तिसऱ्या पानावर माझा हात आपोआप फोनकडे गेला. वाजला नव्हता, उजळला नव्हता, मला कुणाशी बोलायचंही नव्हतं. हात गेला. मी तो परत आणला, पुन्हा तिसरं पान, पुन्हा हात. पाचव्या पानाशी आले तेव्हा तिसऱ्या पानावरचं काही आठवत नव्हतं. मला भीती वाटली. पेपरची नाही, स्वतःचीच. गंमत अशी, की लाइनवर फोन न्यायला बंदी आहे. आत जाताना लॉकरमध्ये ठेवायचा, सुट्टीत काढायचा. आठ तास फोनशिवाय माझं काही बिघडत नव्हतं, त्याची आठवणही येत नव्हती. घरी मात्र पाच पानं तो मला वाचू देईना. म्हणजे सवय मोडत नाही असं नव्हतं. कंपनीत ती रोज मोडत होती, कारण तिथे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं होतं.

म्हणून मीही ठरवलं, आणि जरा जास्तच ठरवलं. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, संध्याकाळी सहानंतर घरात दोन्ही फोन बंद. संतोषनी एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे बघितलं आणि फोन बंद करून कपाटावर ठेवला. पहिली संध्याकाळ बरी गेली. दुसऱ्या संध्याकाळी गावाहून सासूबाईंनी फोन लावला. माझा बंद, संतोषचा बंद. त्यांनी शेजारच्या काकूंना लावला. काकू धावत आल्या, तुमच्याकडे काही झालंय का म्हणून. काकूंच्या फोनवरून सासूबाई म्हणाल्या, "काय करलालाव गं तुम्ही? दोघांचं बी बंद. माझ्या जिवाला घोर लागला इथं." त्याच रात्री वर्कशॉपच्या मालकाने संतोषना सकाळी लवकर यायचा निरोप टाकला होता, तो मिळाला नाही. आणि शाळेच्या ग्रुपवर उद्या रंगीत कागद घेऊन या असं आलं होतं. वर्गात ईश्वरी एकटीच कागदाशिवाय बसली. घरी आली ती डोळे पुसतच.

संतोष मोठ्या आवाजात बोलत नाहीत. ईश्वरीला जवळ घेऊन ते मला म्हणाले, "वैशाली, फोन टाकून देऊन आपलं चालणार नाही. आई त्याच्यावर, काम त्याच्यावर, शाळा त्याच्यावर. त्याला कामापुरता ठेवू. पण ठेवू."

मला तेव्हा ते माघार घेतल्यासारखं वाटलं. आज वाटतं, त्या महिन्यात घरात बोललेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच होतं.

पण कामापुरता म्हणजे किती, हे कळत नव्हतं. ते कळलं मंदाताईंमुळे. मंदाताई माझ्याच लाइनवर, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. चाकणजवळच्याच गावच्या. आज जिथे आमच्या कंपनीच्या बस उभ्या राहतात तिथे त्यांच्या घरचा कांदा असायचा, असं त्या सहज सांगतात, जसं कुणी हवापाणी सांगावं. स्कूटरवरून येतात, डोक्यावर पदर आणि त्यावर हेल्मेट. जेवणाच्या सुट्टीत डबा झाला की आम्ही सगळ्या लॉकरकडे पळायचो, फोन काढायला. मंदाताई पिशवीतून एक पुस्तक काढायच्या, गावातल्या छोट्या वाचनालयातलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. ईश्वरीचं, तिसऱ्या पानाचं, बंद फोनचं. एवढी साठ पानं कशी व्हायची, दहा पानं सलग बसून होत नाहीत, असं म्हणाले.

"आगं, मला तरी कुठं धा पानं जात्यात?" त्या म्हणाल्या. "डबा झाला की पंधरा मिनटं ऱ्हात्यात. त्यात दोन जात्यात, कवा एकच जातंय. मग मी तेवढंच वाचती. पर वाचती ते सगळं वाचती. सोडत न्हाई."

मग त्यांनी हातातलं पुस्तक मिटून माझ्यापुढे केलं. त्यांचं वाचून झालं होतं आणि ते तसं लहान मुलांचंच होतं. नदीवर नाव चालवणाऱ्या एका मुलीची गोष्ट. तुझ्या पोरीला ने, म्हणाल्या, उशिरा परत दिलंस तरी चालेल.

त्या आठवड्यापासून आमच्या घरात अर्धा तास ठरला. माझी पहिली पाळी असेल तेव्हा सात ते साडेसात. त्या वेळात फोन चालू राहायचे, आवाजासकट, पण बाहेरच्या खोलीत. वाजला तर उठून घ्यायचा, बोलायचं, ठेवून परत यायचं. न वाजता कुणी उठायचं नाही. एवढाच नियम. सासूबाईंनाही सांगून ठेवलं, की सातला पोरगी वाचायला बसते. त्या मग मुद्दाम पावणेसातला फोन करायच्या आणि सातला पाच मिनिटं कमी असताना स्वतःच म्हणायच्या, ठेव आता, तिचं वाचन असेल.

पहिले काही दिवस काही सुंदर वगैरे नव्हते. ईश्वरी ओळ सोडून पुढे पळायची. मी माझ्या पुस्तकात बोट ठेवून तिला थांबवायची. खिडक्या बंद, पंख्याचा खरखराट, डासांची अगरबत्ती, आणि खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याच्या भोंग्यातली एकच ओळ पुन्हा पुन्हा. दर दोन मिनिटांनी कुणाला तरी पाणी प्यायचं असायचं. आणि संतोष नुसते बसायचे. त्यांच्या हातात मी वर्तमानपत्र दिलं होतं, पण पान उलटायचं नाही. एक दिवस ईश्वरीने त्यांना विचारलं, बाबा, तुम्ही मोठ्याने का नाही वाचत? ते उठून गॅलरीत गेले.

मी मागून गेले. कठड्याला टेकून ते म्हणाले, की दहावीनंतर त्यांनी सलग असं काही वाचलेलंच नाही. ड्रॉइंग वाचता येतं, आकडे वाचता येतात, मशीनवरचं सगळं येतं. पण धडा वाचायला बसलं की अक्षरं अडकतात, आणि पोरीपुढे अडखळायची लाज वाटते. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना फोनवेडे समजत होते. फोनमध्ये सगळं बोलून दाखवलं जातं, वाचावं लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "ती पण अडखळतेच आहे. दोघं मिळून अडखळा."

दुसऱ्या दिवशी ते ईश्वरीच्या शेजारी जाऊन बसले. एक ओळ तिची, एक ओळ बाबांची. बाबा एका जोडाक्षरावर अडले तेव्हा तिने त्यांचं बोट धरून ते अक्षर फोडून दाखवलं, बाईंनी तिला दाखवलं होतं तसंच. मी माझ्या पुस्तकात डोकं घातलं होतं, पण त्या संध्याकाळी माझं एकही पान झालं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मग माझी दुसरी पाळी आली. मला वाटलं, आता बसलेली घडी मोडणार. उपाय निघाला तो फोनमधूनच. आमची जेवणाची सुट्टी साडेसातला. पहिल्या दिवशी डबा उघडायच्या आधी मी लॉकरमधून फोन काढून घरी लावला आणि ईश्वरीला म्हटलं, वाच, मी ऐकते. ती वाचायला लागली. कॅन्टीनमध्ये गलका होता म्हणून मी स्पीकर लावला आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. नावेतल्या मुलीला पैलतीरावर एक म्हातारी उभी दिसते, नदीला पाणी वाढत चाललेलं असतं, बाप गावाला गेलेला असतो. नाव काढायची की नाही? ईश्वरी अडखळत होती, थांबत होती, मागे जाऊन शब्द पुन्हा घेत होती. मागून मध्येच तिच्या बाबांचा हळू आवाज यायचा. माझ्या शेजारच्या बाईने चपाती तोडणं थांबवलं. समोरच्या दोघी टेबल सोडून आमच्याकडे सरकल्या. मंदाताई हनुवटीखाली हात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तर ते पुस्तक वाचलेलंच होतं, तरी ऐकत होत्या. दहा मिनिटांनी मी ईश्वरीला बास म्हटलं. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरतानाच एकीने मला गाठलं आणि विचारलं, "म्हातारीला आणली का गं पोरीनं?" मी म्हटलं, मलाही माहीत नाही, संध्याकाळी कळेल. पाळीमुळे चुकलेल्या मालिकांमध्ये काय झालं, हे तिने मला कधी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात रोज साडेसातला आमच्या टेबलावर आठ-नऊ बायका जमायच्या. ईश्वरीला आपण इतक्या जणींना वाचून दाखवतोय हे कळल्यावर तिचा वेग कमी झाला. मला आधी काळजी वाटली. मग कळलं, की आता ती मनाने लावत नाहीये. चुकलं तर नऊ जणींच्या गोष्टीत चुकेल, ही जबाबदारी तिने घेतली होती. आणि मी डबा खाता खाता ऐकायची, मग उरलेल्या पाच-सात मिनिटांत माझ्या पुस्तकाचं एक पान. सगळं वाचायची, सोडायची नाही. पेपरच्या आदल्या दिवशी साठावं पान झालं.

पेपर शनिवारी होता, ट्रेनिंगच्या खोलीत. बाहेर मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं. तेरा जणी बसलो होतो, त्यात मंदाताईही होत्या. त्या तिथे दिसल्या आणि मी चपापले. नाव दिल्याचं त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. पेपरात एक जुनी आणि एक नवी शीट दिली होती आणि काय बदललंय ते लिहा, असा प्रश्न होता. वरचे दोन बदल मोठे, ठळक. खाली अगदी शेवटी, शेऱ्याच्या ओळीत, एकच शब्द बदललेला होता. ‘आधी’च्या जागी ‘नंतर’. मी तो शब्द बघितला, क्षणभर कागद घट्ट धरला आणि मग तो बदलही लिहिला.

निकाल पाडव्याच्या आदल्या दिवशी लागला. मंदाताई पहिल्या, मी दुसरी. जागा एकच होती.

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. पाडव्याला गुढी उभारली, श्रीखंड आणलं, पण माझं लक्ष कशात नव्हतं. जनरल शिफ्टच्या संध्याकाळी मी मनात केव्हाच जगायला सुरुवात केली होती, त्या कुणीतरी काढून घेतल्यासारख्या वाटत होत्या. तिसऱ्या दिवशी सुट्टीत मंदाताईच माझ्यापुढे येऊन बसल्या. मी विचारलं, मला सांगितलं का नाही, की तुम्हीही बसताय?

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला सांगितलं आसतं, तर तू माज्याकडनं पुस्तक न्हेलं न्हसतं."

हे खरं होतं. मी नेलं नसतं. आणि त्यांनी दिलं नसतं तरी चाललं असतं, त्यांची एक स्पर्धक कमी झाली असती. तरी त्यांनी दिलं होतं. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही दाबून मी त्यांना श्रीखंडाचा डबा दिला, जो खरं तर मी त्यांना द्यायचा नाही असं ठरवून आणला होता.

ईश्वरीची तोंडी परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला झाली. मी रजा टाकून गेले होते, वर्गाच्या दाराशी उभी. तिला नवीन उतारा दिला होता. दुसऱ्याच ओळीत ती एका लांब शब्दापाशी आली आणि थांबली. पूर्वी ती थांबायची नाही. तिने बोट ठेवलं, शब्दाचे तुकडे केले, ओठांत जोडले आणि मग तो पूर्ण म्हटला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "आता थांबते ती. थांबायला लागली म्हणजे वाचायला लागली."

दिवाळीनंतर कंपनीत दुसरी लाइन सुरू झाली आणि आणखी एक ट्रेनर लागली. पुन्हा परीक्षा झाली नाही, त्याच यादीतलं दुसरं नाव घेतलं. कदम सरांनीच मला बोलावून सांगितलं. आता मी जनरल शिफ्टला आहे. नव्या मुली येतात, परभणीच्या, बीडच्या, कोकणातल्या, अठरा-वीस वर्षांच्या, बोटं भराभर चालणाऱ्या. पहिल्या दिवशी मी त्यांना हातात वायर देत नाही. शीट देते आणि मोठ्याने वाचायला लावते, शेवटच्या शेऱ्यासकट. त्या वैतागतात. मला त्यांचा राग येत नाही. मी सही ठोकलेली ती शीट अजून मला आठवते.

कुणी हे वाचून मला साधी-सरळ, फोन न वापरणारी बाई समजू नये. सकाळच्या बसमध्ये चाकणपर्यंत मी मनसोक्त रील्स बघते, कुत्र्यांच्या, मेंदीच्या, स्वयंपाकाच्या, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. एखादा आठवडा असा जातो की सातचा अर्धा तास दोनदाच होतो. गेल्याच गुरुवारी मी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथेच वीस मिनिटं उभी राहिले. ईश्वरीने हाक मारली तेव्हा भानावर आले. पण परत आले, हे मला महत्त्वाचं वाटतं. आईबापांना वेळ नसतो, हे खरं आहे. आमच्या पट्ट्यात तर कुणालाच नसतो, इथे माणसाचा दिवस कंपनीच्या घड्याळाने कापलेला असतो. पण मला अनुभवाने कळलंय, की वाचायला मोकळा दिवस लागत नाही. ठरलेला, लहानसा, रोजचा एक तुकडा पुरतो, आणि त्या तुकड्यात घरातलं मोठं माणूस स्वतः वाचत बसलेलं लागतं. मुलाला वाच म्हणून सांगणारं नव्हे.

या मार्चमध्ये ईश्वरी पाचवीत आहे. परीक्षा पुन्हा दारात आहे, पवनेवर पुन्हा जलपर्णी आहे, खिडक्या पुन्हा लावून घेतल्या आहेत. काल साडेसहाला घरी आले, हातपाय धुतले, सातला आम्ही तिघं बसलो. संतोष हल्ली वर्तमानपत्राचं मधलं पान पूर्ण वाचतात, हळू, ओठ हलवत. मी ईश्वरीकडे वळले आणि रोजच्यासारखं म्हटलं, कर सुरू.

ती पुस्तक घेऊन भिंतीकडे सरकली. "आई, आज मी मनात वाचणार आहे," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. म्हटलं खरं, पण आत काहीतरी हललं. वर्षभर मी तिचा आवाज ऐकत आले होते, कॅन्टीनच्या गलक्यात, पंख्याच्या खरखराटात. पान उलटायचं कधी ते मला तिच्या आवाजावरून कळायचं. आता मला कळणार नव्हतं. मी माझं पुस्तक उघडलं आणि त्याच्या कडेवरून तिच्याकडे बघत राहिले. थोडा वेळ तिचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले. डोळे तेवढे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होते, घाई नव्हती, आणि मध्येच ती कशाला तरी हसली. कशाला, ते मी विचारलं नाही.